रजेत बहीण बसत नाही

कोंबड्यांची अंडी उबवणाऱ्या कंपनीत, उबवणीत, काम करणाऱ्या एका माणसाला थंड्या म्हणायचं, हा तिथल्या लोकांचा विनोद. आत मशीनच्या खोल्यांत बारा महिने उकाडा, घाम असा निथळतो की दुपारपर्यंत सदरा पिळून घ्यावा, आणि हा माणूस मात्र तापलेला कुणी पाहिला नाही. मुकादम ओरडला तरी "बरं." कुणी पाळी बदलून मागितली तरी "बरं." म्हणून थंड्या. खरं नाव तेवढं हजेरीच्या यंत्राला माहीत.

त्या दिवशी तो अंडी हलवत होता. उबवणीच्या मशीनमधून काढायची आणि फुटणीच्या मशीनमध्ये ठेवायची, एवढंच काम. पण तोपर्यंत आत पिल्लू अंग आखडून बसलेलं असतं. ट्रे जरा आपटला की ते कवचातच संपतं. म्हणून तिथली रीतच अशी होती, की ज्यानं ट्रे हलवले त्यानंच तीन दिवसांनी पिल्लं काढायची. मेलेली जास्त निघाली तर कुणाच्या हाताचा दोष, हे शोधत बसायला नको. थंड्याच्या हाताचा दोष कधी निघाला नव्हता, आणि त्यामुळं अवघड खेप नेहमी त्याच्याच गळ्यात पडायची. गुणाचं बक्षीस हे असं असतं.

काम आटपून त्यानं आंघोळ केली. आत जाताना आंघोळ, बाहेर येताना आंघोळ, कपडे कंपनीचे, त्यांना खिसे नाहीत. फोन बाहेर कपाटात ठेवायचा. कपाट उघडलं तर भाच्याचे फोनवर फोन येऊन गेलेले. ओल्या हातानंच त्यानं फोन लावला.

"मामा, आईला सोडतायत दवाखान्यातून," भाचा म्हणाला.

"बरं झालं की."

"बरी झाली म्हणून नाही सोडत. ठेवून उपयोग नाही म्हणाले. आता जे काही आहेत ते दिवस घरीच. तिचं सारखं तेच चाललंय. बारक्या आला का, बारक्या आला का."

बारक्या म्हणजे हाच. आई गेली तेव्हा हा नुकता चालायला लागला होता, आणि ताई स्वतःच दोन वेण्या घालून शाळेत जाणारी पोर. तिनं शाळा सोडली. स्थळं आली ती "हा जरा मोठा होऊ दे" म्हणून परत पाठवली. लग्न झालं तेव्हा तिच्या बरोबरीच्या बायकांची पोरं शाळेत होती, आणि ती सासरी गेली तेव्हा थंड्या, एवढा मिसरूड फुटलेला बाप्या, दोन दिवस जेवला नव्हता. ती गेली तर जगात बारक्या म्हणणारं कुणी उरणार नव्हतं. त्याला एकदा तिच्याजवळ बसायचं होतं. बाकी काही नको होतं.

तो तसाच मुकादमाकडं गेला. "तेरवा सार्वजनिक सुट्टी आहे. तिला जोडून पुढचा एक दिवस द्या. जाऊन येतो."

मुकादम बाकावर बसून पायाच्या बोटांना पावडर लावत होता. उकाड्यानं सगळ्यांचेच पाय चिघळायचे. "सुट्टी देशाला आहे रे. अंड्याला कुठंय?" तो म्हणाला. "आज ट्रे कुणी हलवले?"

"मी."

"मग तेरवा पिल्लं कोण काढणार?"

थंड्या जायला वळला.

"बदली सुट्टी मिळेल की तुला. बुडत नाही ती."

बदली सुट्टी म्हणजे सगळं जग घरी असताना तुम्ही राबायचं, आणि त्याऐवजी पुढं कधीतरी एक दिवस घ्यायचा. हे कधीतरी कधी उजाडायचं ते कंपनी ठरवणार. थंड्याच्या अशा सुट्ट्या गोदामातल्या पोत्यांसारख्या थप्पी लागून पडल्या होत्या. बघायला भरपूर, हात लावायची सोय नाही.

मग तो हापिसात गेला. रजेचं काम एका बाईंकडं होतं. बाई वाईट नव्हत्या, आवाज चढवत नव्हत्या. फक्त उबवणीतला माणूस आला की खुर्ची जरा मागं सरकवायच्या. दोन आंघोळी करूनही अंगाचा तो उबट वास जात नाही, हे थंड्यालाही माहीत होतं. तो दारातच उभा राहिला.

"आजारी कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"बहीण. मोठी."

"सख्खी?"

"सख्खी."

"लग्न झालेली?"

"हो."

"मग नाही बसत." बाईंनी मान हलवली. "कुटुंबाच्या आजारपणाची रजा आहे, पण कुटुंब म्हणजे नवरा-बायको, मुलं, आई-वडील. बहीण बसत नाही त्यात."

"तिनंच वाढवलंय मला. आईसारखीच आहे ती."

"सारखी चालत नाही हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांनाही ते बोलणं लागलं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या, "पंधरा दिवस आधी सांगितलं असतं ना, तर पगारी रजा बसवली असती मी."

"पंधरा दिवस आधी मला तरी कुठं माहीत होतं?"

"माझ्याच आजारपणाची घेतली तर," असंही त्यानं विचारून पाहिलं. त्यावर बाई हसल्या. कंपनीचा डॉक्टर तपासल्याशिवाय ती मिळत नाही, आणि थंड्याच्या अंगात ताप चढवणार कोण? शेवटी त्यानं जे विचारायला जीभ रेटत नव्हती तेही विचारलं.

"आणि ती गेली तर?"

बाईंनी खाली पाहिलं. "तरी बहीण बसत नाही. एखादा दिवस बिनपगारी देतात. तोही मुकादमाची मर्जी असेल तर."

म्हणजे जिवंतपणी नाही आणि मेल्यावरही नाही. थंड्या "बरं" म्हणाला आणि घरी आला.

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं अंगण. मधल्या कमरेएवढ्या कुंपणापलीकडं काकूचं घर. ही काकू नात्याची नव्हे, पण थंड्याच्या बायकोला दुखण्याखुपण्यात गरम पाणी देणारी, रागावणारी, हक्कानं साखर मागणारी. म्हातारी एकटी, आणि तिचा सगळा संसार म्हणजे कोंबड्या. अंडी विकून तिचं चालायचं. संध्याकाळी ती त्यांना हाका मारायची तेव्हा एकेकीच्या सात पिढ्या उद्धरायची. "ए भवाने, तुला वेगळं आमंत्रण देऊ का?" आणि ती भवानी धावत यायची.

"न सांगता जा निघून," बायको म्हणाली. तीही कंपनीतच होती, पिल्लांची खोकी जोडायला.

"गेल्या वर्षी आमच्यातला तो चष्मेवाला गेला होता ना तसा?" थंड्या म्हणाला. " आल्यावर दोन महिने आत घेतला नाही त्याला, रोज गेटवर उभा असायचा. आणि नोकरी गेली तर करायचं काय इथं? शेतं कंपनीनं घेतली, विहिरी त्यांच्याच टाक्यांत गेल्या."

"मग काय बहिणीला फोनवर शेवटचं बघणार?"

इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे उभं राहायलासुद्धा रजा लागते.

सकाळी तो कामावर निघाला तेव्हा काकूची ठिपक्याची कोंबडी तिच्या पडवीतल्या टोपलीत पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून बसली होती. तिच्याकडं बघता बघता त्याला जावयाची आठवण झाली. जावई म्हणजे खोकी भरणारा एक गडी, सदा सासुरवाडीला पडलेला म्हणून ते नाव. एकदा सासूची कोंबडी हातात धरून आला आणि बोलता बोलता गेटवर ते सांगून बसला. कंपनीचा नियम कडक: बाहेरचा पक्षी शिवला, तर आठवडाभर आत पाय टाकायचा नाही. रोग आत जाईल. जावयाला त्याच पावली घरी पाठवलं होतं. आठवडाभर लोळला लेकाचा, आणि कुणाच्या मर्जीचा प्रश्नच आला नाही. रजा मागितली तर मिळत नाही, आणि कोंबडी शिवली तर घे म्हणून मागं लागतात.

गेटवर वॉचमन रोज प्रत्येकाला विचारायचा, "पक्षी शिवला?" आणि प्रत्येकजण चालता चालता "नाही" म्हणायचा. राम राम म्हणावा तसं ते झालं होतं. विचारणाऱ्याचं लक्ष नसायचं, सांगणाऱ्याचंही नसायचं.

"पक्षी शिवला?"

"हो," थंड्या म्हणाला.

वॉचमन पुढच्या माणसाकडं वळला होता, तो परत वळला. "काय म्हणालास?"

"शिवला. शेजारची कोंबडी अंगणात आली होती. उचलून पलीकडं टाकली."

मागची रांग आपोआप चार हात मागं सरली. त्याला बाजूला उन्हात उभं केलं. पक्ष्यांचा डॉक्टर आला, तोंडाला फडकं बांधून, लांबूनच बोलला. "हातानं उचलली?"

"हातानं."

"कोंबडी बरी होती?"

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. "बरी होती" एवढं म्हटलं असतं तर आठवड्याची सुट्टी घेऊन गडी दुपारच्या गाडीत बसला असता. पण जो कधी खोटं बोलत नाही त्याला खोटं किती बोलावं याचा अंदाज नसतो. एवढ्याशा शिवण्यावरून सोडतील का, अशी त्याला धास्ती वाटली, आणि डोळ्यापुढं ती ठिपक्याची कोंबडी होती. तो म्हणाला, "जरा मरगळल्यासारखी वाटली. डोळे मिटून बसलेली."

डॉक्टरचा चेहरा पार बदलला. पलीकडच्या खोऱ्यात मागच्याच महिन्यात पक्ष्यांची साथ येऊन गेली होती. शेडच्या शेड कोंबड्या पुरल्या होत्या लोकांनी. डॉक्टरनं तिथंच फोन लावला. थंड्याचा सदरा काढून घेतला आणि पेटवला. बायकोला खोकी जोडता जोडता उठवून बाहेर काढलं. दोघांना एका जीपमध्ये बसवलं, तो उघडाच, आणि मागून दुसऱ्या गाडीत पांढरे पोशाख घातलेली चार माणसं आली.

"अहो, काय झालंय?" बायको विचारत होती. आपण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाय एवढं थंड्याला कळलं होतं. तो आणखी कुणाकुणाच्या पायावर पडणार, ते अजून कळायचं होतं.

गाड्या काकूच्या दारात थांबल्या.

"कोंबड्या माराव्या लागतील, काकू," डॉक्टर म्हणाला. "तुमची एक आजारी आहे."

"कुठली?" काकू म्हणाली. "दाखवा मला. सगळ्या दाणे टिपतायत समोर."

"वरून कळत नाही ते. यानं पाहिलीय."

काकू थंड्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता अजून, नुसतं नवल होतं. "तू पाहिलीस? कुठली रे?"

आता बोट दाखवल्याशिवाय सुटका नव्हती. त्यानं टोपलीतल्या ठिपक्याच्या कोंबडीकडं बोट केलं.

"ही?" काकू म्हणाली. "अरे ही खुडूक आहे. अंड्यांवर बसलीय. खुडूक कोंबडी अशीच डोळे मिटून बसते." मग ती हळूच म्हणाली, "तू उबवणीत काम करतोस ना? तुला खुडूक कळत नाही?"

पांढऱ्या पोशाखातल्या एकाला हसू आलं. थंड्याचे कान तापले. उघड्या अंगावर ऊन लागत होतं, आणि सगळे त्याच्या उत्तराची वाट बघत होते. खुडूक त्याला कळत होती. लहानपणी ताईनंच दाखवली होती.

"मला तशी वाटली," तो म्हणाला.

"शंका आली की पुरे," डॉक्टर म्हणाला.

पुढचं काम त्या माणसांनी सवयीनं केलं. एकेक धरायची, मान पिरगाळायची, पिशवीत टाकायची. काकूनं आधी आरडाओरडा केला, मग ती पायरीवर बसली आणि नुसती बघत राहिली. भवानी चुलीमागं लपली होती. तिला पकडता येईना, तेव्हा त्यांनी काकूलाच हाक मारायला सांगितली. काकूनं मारली नाही. शेवटी काठीनं बाहेर काढली तिला. टोपलीतली अंडीही पिशवीत गेली. मग त्यांनी दोन्ही घरांभोवती चुन्याची रुंद रेघ ओढली, दोन अंगणांना मिळून एकच.

"आठवडाभर या रेघेबाहेर कुणी यायचं नाही," डॉक्टरनं सांगितलं. "काय लागेल ते वॉचमन आणून देईल."

"मला गावाला जायचंय," थंड्या म्हणाला. "बहीण आजारी आहे माझी."

"आता कसला गाव? तुम्ही गेलात तर रोग घेऊन जाल."

"जावयाला नव्हतं कोंडलं तुम्ही."

"त्याची कोंबडी मरगळली नव्हती," डॉक्टर म्हणाला आणि गाडीत बसला.

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. घरात शिरल्यावर थंड्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं खिडकी लावून घेतली.

"आता तोंडातून शब्द काढू नका," ती म्हणाली.

"काकूला तरी सांगतो."

"काय सांगता? तुझ्या कोंबड्या मी सुट्टीपायी मारल्या म्हणून? ती गावभर करील. तुमची नोकरी जाईल, माझी जाईल, वर पोलीस येतील ते वेगळेच."

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"उजाडेल तेव्हा बघू. आता गप्प बसा." मग तिला रडू आलं. "एवढं करून ताईंकडं जाता आलं असतं तर एक होतं हो."

दुसऱ्या दिवशी मुकादमाचा फोन आला. रजेच्या बाईंनी हिशेब जुळवून दिला होता. हा आठवडा थंड्याच्या साठलेल्या बदली सुट्ट्यांतून कापला जाणार होता, आणि त्यात येणारी सार्वजनिक सुट्टीही. "थप्पी संपली बघ तुझी," मुकादम म्हणाला. "लागल्या ना शेवटी उपयोगी?" त्याच्या जागी पिल्लं काढायला चष्मेवाल्याला बोलावलं होतं, आणि चष्मेवाला त्याच्या नावानं बोटं मोडत होता.

थंड्यानं दिवसभर अंगण झाडलं. झाडलेलंच परत झाडलं. कुंपणापलीकडं काकू बसलेली असायची, हातांना काम नसलेली. एरवी भांडायला तरी यायची कुंपणाशी. तो दिसला की ती तोंड फिरवत नव्हती, नीट बघायची त्याच्याकडं, आणि ते त्याला जास्त जड जायचं. भाच्याला त्यानं फोनवर तेच सांगितलं जे गावाला माहीत होतं. घर बंद केलंय, कोंबड्यांचा रोग, येता येत नाही. पलीकडून भाचा "बरं मामा" म्हणाला, आणि स्वतःचंच "बरं" ऐकल्यासारखं थंड्याला झालं.

सुट्टीच्या दिवशी रस्ता सामसूम होता. दुकानं बंद, शाळा बंद. रेघेबाहेर स्टुलावर वॉचमन बसला होता. "सगळ्यांना सुट्टी आणि मी तुमची राखण करतोय," तो दर तासाला म्हणायचा. उन्हं वर आल्यावर एक गाडी आली आणि रेघेपासून लांब उभी राहिली. पुढून भाचा उतरला. त्यानं मागची काच खाली केली, तेव्हा थंड्याच्या हातातला झाडू खाली पडला.

ताई मागं उशांना टेकून बसली होती. नाकात नळी, शेजारी प्राणवायूचं नळकांडं. एवढीशी झाली होती. दवाखान्यातून घरी जायचं, पण हट्टानं वाट वाकडी करून इथं आली होती.

"बारक्या," ती म्हणाली. आवाज जेमतेम पोचला.

तो धावत सुटला. रेघेशी वॉचमननं काठी आडवी धरली, आणि भाचाही दोन्ही हात पसरून मधे आला. "मामा, तिथंच थांबा. लांबूनच बघायचं असं कबूल करून आणलंय तिला. तिच्या छातीत आता जोर नाही. साधी सर्दी झाली तरी संपली ती."

"काय रे झालं तुमच्याकडं?" ताईनं विचारलं. "कसला रोग?"

थंड्यानं मागं पाहिलं. दारात बायको उभी होती, मानेनं नको नको म्हणत. कुंपणाशी काकू उभी होती. समोर कंपनीचा वॉचमन. सगळे होते. नोकरी जाणार, बायकोची जाणार, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे त्याला त्या क्षणी लख्ख दिसलं. आणि ताईला श्वास घेताना खांदे उचलावे लागत होते, तेही दिसलं.

"ताई, रोगबिग काही नाही," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. तुझ्याकडं यायला रजा देईनात, म्हणून गेटवर खोटं बोललो. कोंबडी धडधाकट होती. मी शिवलोसुद्धा नाही तिला."

बायकोनं डोळे मिटून घेतले. भाच्यानं वॉचमनकडं पाहिलं.

"कोंडलं की सगळे असंच म्हणतात," वॉचमन म्हणाला. "खोऱ्यात पण म्हणत होते. काही नाही झालं, सोडा आम्हाला."

"अरे खरं सांगतोय."

"मामा, जीव तुटतोय तुमचा, कळतं मला," भाचा म्हणाला. "पण तिच्या जिवाशी खेळ नको. रोग नव्हता तर डॉक्टरांनी त्या कोंबड्या मारल्या कशाला? रेघ कशाला ओढली?"

"मी सांगितलं म्हणून."

"एका शब्दावर?"

"एकाच शब्दावर," थंड्या म्हणाला. घसा असा फाटला त्याचा, की थंड्या तापला हे त्या दिवशी गावानं पहिल्यांदा ऐकलं. "काकूला विचार. सांग ना गं काकू."

काकू त्याच्याकडं बघत राहिली. बोलली नाही.

ताईनं नळी जरा बाजूला केली. "लहानपणी खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे," ती म्हणाली. "इतक्या लांबून दिसत नाहीत रे मला आता." तिला ठसका लागला. भाचा घाईनं आत वाकला, नळी नीट केली, काच वर केली. ताईनं काचेवर हात टेकवला. थंड्यानं काठी ढकलली तसा बायकोनं मागून धावत येऊन त्याचा सदरा धरला, आणि तो फाटेपर्यंत सोडला नाही. गाडी मागं गेली, वळली, आणि रस्ता मोकळाच असल्यामुळं लगेच दिसेनाशी झाली.

वॉचमन परत स्टुलावर बसला. बायको आत गेली. थंड्या रेघेशी उभा होता, पाय चुन्यानं भरलेले. बऱ्याच वेळानं काकू कुंपणाशी आली.

"पटलं नाही ना कुणाला?" तिनं विचारलं.

"नाही."

"मला पटलं," काकू म्हणाली. तिनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, रिकाम्या खुराड्याचं दार लावलं आणि ती घरात गेली. आठवडा अजून निम्माही सरला नव्हता, आणि रेघेच्या आत त्या दोघांचीच घरं होती.